सतराव्या अंड्याची नोंद

प्रा. कौसल्याताई हिवराळे मॅडमची आणि माझी पहिली ओळख एका कोंबडीमुळे झाली. जाफराबादच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा प्राणीशास्त्राचा पहिलाच तास होता. मी टेंभुर्णीहून एसटीने यायची. त्या दिवशी गाडी उशिरा आली आणि मी धापा टाकत शेवटच्या बाकावर टेकले. मॅडमनी हजेरीची वही मिटली आणि विचारलं, "खुडूक कोंबडी कोणाकोणाच्या घरी अंड्यांवर बसलेली आहे?" सगळा वर्ग हसला. उशिरा आल्याबद्दल हा आपल्यालाच टोमणा असणार, असं मला वाटलं. तरी खोटं कसं बोलायचं म्हणून मी भीत भीत हात वर केला. मॅडम म्हणाल्या, "नाव काय? वंदना? मंग वंदना, उद्या तिच्याखालची तीन दिवसांची चार अंडी आण. डब्यात ज्वारी घाल, ज्वारीत अंडी खोच. एसटीत डबा मांडीवर धरायचा, खाली बिलकुल ठेवायचा नाही."

मॅडमच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथासाठी समितीने लेख मागितला, त्याला चार महिने झाले. चिटणिसांचा फोन आला की "होतच आलाय" असं मी सांगत राहिले. कागद मात्र कोराच होता. मॅडमबद्दल लिहायचं म्हणजे हृदयाबद्दल लिहायचं, आणि गेले काही महिने त्या शब्दाचीच मला धास्ती बसली आहे. त्याचं कारण पुढे येईल. मी जात्याच काळजीखोर. 'मन चिंती ते वैरी न चिंती' ही म्हण माझी आई माझ्याकडे बघूनच म्हणायची. आज शहागडच्या शाळेत विज्ञान शिकवते, मुलांना धीर देते, पण स्वतःचा स्वभाव काही बदललेला नाही.

मॅडमनी आयुष्यभर एका प्रश्नाचा पाठपुरावा केला. अंड्यात पिलाचं हृदय तिसऱ्या दिवशी धडधडताना दिसतं. तेव्हा ते हृदय म्हणजे एक वाकडी नळी असते. कप्पे नाहीत, झडपा नाहीत. मग ते तयार व्हायच्या आधीच का चालू होतं? मॅडम सांगत, घर बांधून झाल्यावर नळाला पाणी सोडतात, तसं इथं नसतं. इथं पाणी चालू असतानाच भिंती उभ्या राहतात. रक्त वाहतं, आतल्या अंगाला घासतं, दाब देतं, आणि त्या घासण्यादाबण्यानंच कप्पा कुठं फुगायचा आणि झडप कुठं धरायची हे ठरत जातं. आम्ही शेतकऱ्यांची मुलं. आम्हाला त्या शेतातला पाट दाखवत. पाट माणूस काढतो, पण दोनदा पाणी दिलं की कुठला काठ खायचा आणि कुठं गाळ टाकायचा हे पाणीच ठरवतं. एवढं सांगून झाल्यावर एखादा हुशार मुलगा मान डोलवायचा. मग मॅडम म्हणत, "मान हलवू नको, अंडं उघडून बघ."

उबवणीसाठी आमच्याकडे बल्ब लावलेला लाकडी खोका होता. लाइटचा भरवसा नव्हता. म्हणून मॅडमनी प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात एक खुडूक कोंबडी टोपलीत बसवून ठेवली होती. लाइट गेली की अंडी खोक्यातून काढून कोंबडीखाली सरकवायची, आली की परत खोक्यात. एकदा प्राचार्य पाहणीला आले आणि टोपलीसमोर थबकले. "मॅडम, प्रयोगशाळेत कोंबडी?" मॅडम म्हणाल्या, "सर, सगळ्या उपकरणांत हे एकच कधी बंद पडत नाही." प्राचार्यांनी शेऱ्यात काय लिहिलं ते मला माहीत नाही, पण टोपली हलली नाही.

माझ्या आईला मात्र हे सगळं पटत नव्हतं. चार अंडी दिली, आठ दिली, मग तिने हात आखडता घेतला. "जीव धरलेली अंडी हायेत ती. फोडून काय बघून राह्यल्यात तुमच्या बाई?" मी हा निरोप मॅडमना सांगितला नाही, कोंबडी उठून गेली अशी थाप मारली. मॅडमना थाप कळली असावी, कारण त्या रविवारी त्या स्वतः टेंभुर्णीला आल्या. आमच्या ओट्यावर बसून त्यांनी आईला समजावलं नाही, उलट तिलाच विचारलं, अंडी उजेडात धरून कशी पारखता, दिवसातून कितीदा फिरवता, न फिरवलं तर काय होतं. आई म्हणाली, "न्हाई फिरवलं तर पिलू एका अंगाला चिकटून बसतं, बाई." मॅडमनी ते आपल्या वहीत लिहून घेतलं, आईचं नाव घालून. मग आईला म्हणाल्या, "एकदा कॉलेजात या. बघा, आणि मंग तुम्हीच सांगा द्यायची का नाही."

आई आली. कवचाला नखाएवढी खिडकी पाडली होती, तिच्यावर भिंग धरलं होतं. आईने डोळा लावला आणि बराच वेळ काढलाच नाही. शेवटी आई म्हणाली, "चालू हाय की." बाहेर पडताना ती मॅडमना म्हणाली, "देते. पर जितकी लागतील तितकीच घ्या. आन् जे जगंल ते जगू द्या." मॅडमनी हा करार पाळला. एक अंडं कमी पडलं तर प्रयोग पुढच्या महिन्यावर ढकलत, पण जास्त कधी मागवलं नाही.

मॅडमच्या नोंदवहीचा नियम आमच्या सगळ्या तुकड्यांना पाठ आहे. दिसलं ते ओळीवर लिहायचं. वाटलं ते समासात लिहायचं. दोन्हींची सरमिसळ झाली की वही परत. हा नियम त्यांनी स्वतःला सर्वांत कडक लावला. आमच्या आधीच्या काही तुकड्यांना त्यांनी शिकवलं होतं, की हृदयाचा आकार वारशानंच ठरलेला असतो आणि रक्त फक्त त्यातून जातं. पुढे वाचून आणि स्वतः बघून त्यांचं मत बदललं. तेव्हा त्यांनी हजेरीपटावरून पत्ते काढले आणि त्या जुन्या विद्यार्थ्यांना पोस्टकार्डं पाठवली, की मी तुम्हाला जे अमुक शिकवलं ते अपुरं होतं, कृपया दुरुस्त करून घ्यावं. त्यातले एकजण तोवर कापसाचे व्यापारी झाले होते. ते कार्ड घेऊन घाबरेघुबरे कॉलेजात आले. त्यांना वाटलं डिग्री रद्द झाली. मॅडमनी त्यांना चहा पाजला आणि तासभर हृदय समजावून सांगितलं.

आता मला माझ्याविषयी एक गोष्ट सांगायची आहे, जी मी तीस वर्षांहून अधिक काळ कोणालाही सांगितली नव्हती.

रक्त कमी वाहिलं तर हृदयाचं काय होतं, हे बघायचं तर प्रवाह कमी करायला हवा. तिसऱ्या दिवशीच्या अंड्यात बलकावर पसरलेली जी शीर हृदयाकडे जाते, तिला गाठ मारायची. बाजारातला दोरा तिथं विहिरीच्या सोलासारखा, जाड दोरखंडासारखा दिसायचा. मॅडमनी वर्गाकडे पाहिलं आणि त्यांची नजर माझ्या वेणीवर थांबली. "वंदना, एक केस देतेस?" त्या दिवसापासून माझे केस आणि माझी बोटं प्रयोगाला लागली. गाठ मारण्यात माझा हात बसला. मॅडम सगळ्यांसमोर कौतुक करत आणि मी अंग चोरून उभी राहायची. जिथं गाठ बसली, तिथं काही दिवसांनी हृदयाचा एखादा कप्पा लहान राहिलेला, एखादी झडप धड न झालेली दिसायची. सगळ्या अंड्यांत नाही, पण पुष्कळांत. जिकडे रक्त कमी गेलं, तिकडे वाढ कमी झाली.

सतराव्या अंड्यात माझी गाठ निसटली. दुसऱ्या दिवशी भिंगातून पाहिलं तर केस बाजूला तरंगत होता आणि शीर पुन्हा भरून वाहत होती. इतकं कौतुक झालेलं, आता मॅडम काय म्हणतील? मी ते अंडं हळूच बादलीत टाकलं आणि प्रयोगाच्या वहीत लिहिलं, "अंडे क्र. १७, खराब." समासात नाही, ओळीवर लिहिलं.

दुसऱ्या वर्षाला असतानाच माझं लग्न झालं. शेवटच्या वर्षाच्या परीक्षेला बसू नये असं सासरी सगळ्यांचं मत पडलं, कारण कडेवर पाच महिन्यांची पल्लवी होती. मॅडम घरी आल्या. वाद घातला नाही. सासूबाईंना इतकंच म्हणाल्या, "पोरीला पेपराच्या वेळी मी बघते. बाकी तुमचं सगळं बराबर आहे." प्रत्येक पेपरच्या तीन तासांत त्या पल्लवीला खांद्यावर टाकून कॉलेजच्या व्हरांड्यात फेऱ्या मारत होत्या. खिडकीतून त्या पुढे जाताना दिसायच्या, मग परत येताना दिसायच्या. पल्लवी रडली की माझं पेन थांबायचं. मग मॅडम खिडकीशी थांबून हातानेच खूण करत, लिही. मी पास झाले, नोकरी लागली, आज जी काही आहे ती त्या फेऱ्यांमुळे आहे.

त्याच पल्लवीला आता दिवस गेले आहेत. ती जालन्यात असते. पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली आणि डॉक्टरांनी बाळाच्या हृदयाची वेगळी तपासणी करायला छत्रपती संभाजीनगरला पाठवलं. तिथल्या डॉक्टरबाई पडद्याकडे बघत शांतपणे म्हणाल्या, "डावा कप्पा जरा लहान वाटतोय. रक्त तिकडे कमी जातंय. चार आठवड्यांनी परत बघू, वाढतो का ते." पल्लवीने माझ्याकडे पाहिलं. तिला वाटलं आईला विज्ञान कळतं, आई सांगेल. आणि मला खरोखरच कळत होतं. जिकडे रक्त कमी, तिकडे वाढ कमी. हे मी माझ्या केसाने गाठी मारून पाहिलेलं होतं.

ते चार आठवडे कसे गेले ते सांगता येत नाही. शाळेत फळ्यावर पाट काढायला गेले की हात थांबायचा. शिकलेली बाई, विज्ञानाची शिक्षिका, पण मनात एकच येत होतं, की आपण त्या पिलांना जे केलं तेच फिरून पोरीच्या पोटी आलं. वेणी घालताना हातात केस आला तरी दचकायला व्हायचं. पाचव्या दिवशी मी सुट्टी टाकली आणि शहागडहून जालना, जालन्याहून जीपने जाफराबाद गाठलं.

मॅडम अंगणात शेंगा निवडत बसल्या होत्या. मी काय काय बोलले ते आठवत नाही, पण शेवटी विचारलं, "मॅडम, हे माझंच पाप आहे का?"

मॅडमनी सूप बाजूला ठेवलं. "न्हाई. ते प्रयोग मी सांगितले होते, तू केले होते. पाप म्हणायचं तर आधी माझ्या नावावर म्हण. पण बाळाचं हृदय तुझ्या आठवणी वाचून वाढत नाही."

"मंग बाळ बराबर होईल ना?"

"माहीत नाही, वंदना."

मी जाफराबादला 'होईल' एवढं ऐकायला गेले होते. त्यांनी ते म्हटलं नाही याचा मला त्या क्षणी रागच आला. मॅडमनी मला जेवायला बसवलं. भाकरी वाढता वाढता विचारलं, "पल्लवीला कोंबडीचं काही सांगितलंस का?" मी नाही म्हटलं. "सांगू नको. तिला डॉक्टरांना काय विचारायचं ते आपण लिहून देऊ." आणि जेवण झाल्यावर त्यांनी वही काढली. झडप उघडते का? तिच्यातून रक्त कोणत्या बाजूला जातं? कप्पा लहान आहे तो थांबलाय, का मागे राहून वाढतोय? जन्मानंतर कुठं न्यावं लागेल? असे प्रश्न त्यांनी मोठ्या अक्षरात लिहिले. पल्लवीला भिंगाशिवाय वाचता यायला हवेत, असं म्हणून त्या हसल्यासुद्धा. मला हसू आलं नाही.

चार आठवड्यांनी तपासणीच्या दिवशी मॅडम जाफराबादहून पहाटेची एसटी धरून आमच्या आधी दवाखान्यात येऊन बसल्या होत्या. या वयात, गुडघे दुखत असताना. पल्लवी आत गेली. माझा जीव टांगणीला लागलेला. मॅडम माझ्या शेजारी बसून माझा हात धरून होत्या, आणि त्यांचाही हात गार होता, हे मी इथे मुद्दाम नोंदवते. लोकांना मॅडम कणखर वाटतात. त्या भितात, पण भीती ओळीवर लिहीत नाहीत.

कप्पा वाढला होता. थोडा. "मागे आहे, पण थांबलेला नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "झडपेतून रक्त योग्य दिशेने जातंय. पुढं कसं ते बघत राहू. जन्मल्यावर कदाचित ऑपरेशन लागेल, कदाचित नाही." पल्लवीने मॅडमच्या कागदावरचे सगळे प्रश्न विचारले आणि उत्तरं लिहून आणली. अर्धाच का होईना, जीव भांड्यात पडला.

बाहेर चहा पिताना मला राहवलं नाही. मी मॅडमना सतराव्या अंड्याचं सांगितलं. गाठ निसटली होती, मी घाबरून अंडं टाकलं आणि खोटं लिहिलं. मॅडमनी पिशवीतून त्या प्रयोगाची जुनी, कोपरे कुरतडलेली वही काढली. त्या ती बरोबरच घेऊन आल्या होत्या. पान उघडून माझ्यापुढे धरलं. ओळीवर माझं बारीक अक्षर होतं, "अंडे क्र. १७, खराब." त्याच्याखाली मॅडमच्या अक्षरात होतं, "खराब नाही. गाठ निसटलेली. प्रवाह पूर्ववत. बादलीतून काढून, खिडकी मेणाने बंद करून कोंबडीखाली ठेवले." आणि आणखी खाली, अठरा दिवसांनंतरच्या तारखेला, "पिलू निघाले. चालते."

मी विचारलं, "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"बादली माझ्या टेबलाखालीच होती."

"आणि पिलू?"

"तुझ्या आईला दिलं. तिच्याशी बोलणं झालंच होतं, जगेल ते जगू द्यायचं. ती कबरी कोंबडी आठवते का?"

कबरी मला चांगली आठवत होती. आमच्या घरी ती कितीतरी वर्षं होती. आई तिच्यासारखी खुडूक दुसरी नाही म्हणायची, अंड्यांवरून उठायची नाही. 'कॉलेजातून आल्ती' एवढंच आई सांगायची. आई आता नाही. तिने मला कधी काही विचारलं नाही, आणि तिला सगळं ठाऊक होतं.

मी मॅडमना म्हटलं, "त्या दिवशी मी जाफराबादला आले, तेव्हाच हे का नाही दाखवलं? मी किती तडफडत होते." मॅडम म्हणाल्या, "तेव्हा दाखवलं असतं तर तू ह्या एका अंड्यावर सगळी आशा टाकली असतीस. एका अंड्यानं काही सिद्ध होत नाही. कोंबडी वेगळी, माणूस वेगळा. आज डॉक्टरांनी बाळाचं सांगितलंय, आता हे ऐकलंस तरी चालतं." चहा गार झाला होता. आम्ही दोघींनी तो तसाच प्यायला.

मॅडमच्या कामाचं मोठेपण या ग्रंथात इतर जाणकार लिहितीलच. मला त्यांचा हा गुण सांगायचा होता, की खोटा धीर त्या देत नाहीत, आणि खरा धीर द्यायची वेळ येईपर्यंत शेजारून उठत नाहीत.

आज हा लेख लिहिते आहे तेव्हा पल्लवीला नववा महिना लागला आहे. डॉक्टरांनी दिलेली तारीख आणि समितीने ठरवलेली समारंभाची तारीख एकाच आठवड्यात येते आहे. मॅडमनी समितीला कळवलं आहे, की पल्लवी दवाखान्यात असली तर त्या समारंभाला येणार नाहीत. चिटणीस माझ्यावर थोडे रुसले आहेत. त्यांना माझी विनंती, की त्या दिवशी व्यासपीठावरची खुर्ची रिकामी दिसली तर कृपया राग धरू नये. हार ठेवून द्यावा. हा ग्रंथ वाचकांच्या हाती पडेल तेव्हा काय झालं ते झालेलं असेल. मला आज ते माहीत नाही. मी रोज सकाळी उठते आणि पहिला विचार त्या डाव्या कप्प्याचा येतो.

मॅडम, पंचाहत्तरी पूर्ण केल्याबद्दल सगळे तुम्हाला शतायुषी व्हा म्हणतील. मीही म्हणते, पण माझ्या मागण्यात स्वार्थ आहे. तुमचे गुडघे सांभाळा, औषधं वेळेवर घ्या, डोळे तपासून घ्या. ज्या पोरीला घेऊन तुम्ही तीन तास व्हरांड्यात फिरलात, तिचं बाळ तुमच्या खांद्यावर यायचं आहे. दवाखान्यात येताना ती वही बरोबर आणा. या वेळी ओळीवर जे दिसेल ते मी खरंच लिहीन, चांगलं असो वा वाईट. पण त्याच्याखालची ओळ मी मोकळी सोडणार आहे. पिलू निघाले, चालते, हे तुमच्याच अक्षरात यायला हवं.